भाऊबीजेचे खोके

नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. बाहेरगावचे लोक या बाकावर मधोमध बसून छायाचित्रे काढून घेतात. आम्हा गावकऱ्यांना त्याचे काही वाटत नाही. आम्ही जिथे सावली असेल तिथे बसतो. २०१८ सालच्या भाऊबीजेला सकाळी मी त्या बाकावर सुरतेच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो आणि मांडीवर कापडी पिशवीत एक खोके होते. मिठाईचे नव्हे, केबलचे. (या शब्दाला पुढे २०२२ साली जो राजकीय अर्थ चिकटला तो तेव्हा चिकटलेला नव्हता, म्हणून शेजारच्या प्रवाशाने विचारल्यावर मी मोकळेपणाने सांगू शकलो.)

त्याचे असे झाले. माझी थोरली बहीण, आक्का, लग्न होऊन सुरतेला गेली त्याला आता छत्तीस-सदतीस वर्षे झाली. खानदेशातल्या हजारो कुटुंबांसारखेच तिचेही बिऱ्हाड तापी खोऱ्याच्या गाडीने गेले आणि लिंबायतच्या एका गल्लीत स्थिरावले. भाऊजी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये. त्या गल्लीत अजूनही शिरपूर, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा अशी गावे एकेका ओट्यावर बसलेली दिसतात. आमची माय डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी म्हणून आक्काकडे गेली ती तिकडेच राहिली. नवापुरात आम्ही दोघे नवरा-बायको शाळेत जाणार. माय दिवसभर एकटी. सुरतेत गल्लीभर माणसे. तिचा निर्णय बरोबर होता. तिला तिथे कमी होती ती एकाच गोष्टीची, आणि ती गोष्ट संध्याकाळी साडेसहा वाजता टीव्हीवर येत असे. ‘पैठणी देतात तो कार्यक्रम’ एवढे सांगितले की वाचकांना पुरे.

दिवाळीच्या आधी आठ दिवस आक्काचा फोन आला. गल्लीतल्या केबलवाल्याने जुन्या कंपनीचे सिग्नल सोडून नव्या कंपनीचे घेतले होते. एका रात्रीत सगळ्यांचे टीव्ही निळे पडले. नवे खोके घ्या, बाराशे रुपये द्या. “२०१३ला हजार दिले तेव्हा म्हणाला, मावशी, हे आता तुमचं झालं. आता म्हणतो ते चालणार नाही. तुझ्याकडं एक पडलेलं आहे ना, नाना? ते घेऊन ये.”

माझ्याकडे खरोखरच एक पडलेले होते. नवापूरला आमच्याकडे केबलचे खोके आले ते २०१६ साली. पुढे पावसाळ्यात चित्र फारच थरथरू लागले म्हणून वर्षभरात मी छपरावर डिश बसवून घेतली आणि खोके कपाटात गेले. नवे कोरे म्हणावे असे. हजार-बाराशे रुपये वाचत होते, बहिणीचे काम होत होते, आणि आईला तिची साडेसहाची वेळ परत मिळत होती. भाऊबीजेला याहून चांगली ओवाळणी कोणती? मी एम. ए. आहे, पण मराठीत. खोके म्हणजे खोके, एवढेच माझे तंत्रज्ञान.

आणि माझ्या या अज्ञानाला अनुभवाचा आधार होता, तो आधी सांगितला पाहिजे.

१९९१-९२ साली मी धुळ्याला शिकत असताना आक्काच्या गल्लीत पहिल्यांदा केबल आली. एका उत्साही तरुणाने गच्चीवर, सुरतेच्या भाषेत अगाशीवर, भलीमोठी तबकडी उभी केली आणि तिथून काळ्या वायरी घरोघर सोडल्या. आक्काचा टीव्ही जुना, बारा बटणांचा. केबलवाला सोडतो त्यातले निम्मे चॅनेल त्याला पकडताच येईनात. तेव्हा भाऊजींनी भागळच्या बाजारातून एक कन्व्हर्टर आणला. बिस्किटाच्या डब्याएवढे यंत्र. वायरीतून येणाऱ्या लहरी ते उचलायचे आणि जुन्या टीव्हीला ज्या क्रमांकावर झेपतील त्या क्रमांकावर आणून ठेवायचे. कोणत्या केबलवाल्याचा, कोणत्या गावाचा, असला प्रश्न दुकानदाराने विचारला नाही आणि भाऊजींनीही विचारला नाही. विचारण्यासारखे काही नव्हतेच.

सप्टेंबर १९९४मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. गाड्यांच्या टपांवरून माणसे आली. आक्का दोन्ही मुलांना घेऊन नवापूरला उतरली तेव्हा तिच्या ट्रंकेत कपड्यांच्या मधोमध तो कन्व्हर्टर होता. घराला कुलूप लावताना भाऊजींनी घरातल्या मौल्यवान वस्तू म्हणून दागिन्यांबरोबर तोही दिला होता! आमच्याकडे नुकतीच केबल आली होती आणि टीव्ही आक्काच्या टीव्हीइतकाच म्हातारा. मी सहज कन्व्हर्टर जोडला. लागला. बीबीसीवर सुरतेचे रस्ते दिसत होते, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे दिसत होती. आक्का ज्या शहरातून जीव घेऊन पळाली होती ते शहर ती त्याच शहराच्या बाजारात घेतलेल्या यंत्रातून, सरहद्दीच्या अलीकडे बसून, पाहत होती. “तोच रस्ता,” ती म्हणाली आणि रडू लागली. तो भाऊजींच्या मिलकडे जाणारा रस्ता होता की दुसराच कुठला, हे मला आजही माहीत नाही.

तर चोवीस वर्षांपूर्वी सुरतेचे यंत्र नवापूरला चालले होते. मग आता नवापूरचे सुरतेला का चालू नये, असा माझा साधा हिशेब होता.

सोनगड, व्यारा, बारडोली करीत गाडी दुपारी पोचली. ओवाळणे झाले, जेवणे झाली, आणि केबलचा मुलगा आला. त्या दिवशीही त्याला सुट्टी नव्हती; अख्ख्या गल्लीची खोकी बदलायची होती. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, कमरेला पक्कड, खांद्यावर वायरचे वेटोळे. मूळचा दोंडाईच्याकडचा. आक्काला तो मावशी म्हणे, त्या नात्याने मी मामा झालो. माझे खोके त्याने हातात घेतले, उलटे केले, आणि आपल्या पिशवीतले नवे खोके काढून शेजारी ठेवले.

दोन्ही जुळी भावंडे! तोच काळा रंग, तेवढीच लांबी, समोर त्याच जागी चार बटणे, मागे तीच छिद्रे त्याच क्रमाने. एकाच कारखान्यातून निघालेले असावेत. फरक फक्त वरच्या चिकटपट्टीचा. तिच्यावर एका कंपनीचे नाव, हिच्यावर दुसरीचे. माझ्या खोक्याचा रिमोट मी सोबत नेला होता. तो दाबल्यावर त्याचे नवे खोके चालू झाले आणि त्याचा रिमोट दाबल्यावर माझे. मला तर काम फत्ते झाल्यासारखेच वाटले.

“जोडून बघतो, मामा,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात उत्साह नव्हता.

त्याने माझे खोके जोडले आणि शोध लावायला सांगितले. पडद्यावर एक पट्टी हळूहळू सरकू लागली. चॅनेलांची नावे एकाखाली एक उमटू लागली. नावे इंग्रजी अक्षरांत. माय चौथीपर्यंत शिकलेली, ती मराठीत. आक्काची नात आजीच्या मांडीजवळ बसून मोठ्याने वाचू लागली. बरीच गुजराती, त्याहून जास्त हिंदी, आणि मग “झी मराठी... स्टार प्रवाह... कलर्स मराठी...” माय सावरून बसली. चष्मा पुसला. मुलाने झी मराठीवर बोट ठेवले. पडदा काळा झाला आणि मध्ये एक इंग्रजी शब्द आला. “स्क्रॅम्बल्ड,” नातीने वाचले.

“म्हंजे?” मायने विचारले.

मुलाने ओट्यावर बसून मला जे समजावले ते आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनाही इतके नीट सांगता आले नसते. वायरीतून येणारे चित्र सगळ्या कंपन्यांचे एकाच पद्धतीने बांधलेले असते, म्हणूनच माझ्या खोक्याला नावे वाचता आली. पण प्रत्येक कंपनी ते चित्र कुलूप लावून सोडते. त्या कुलपाची चावी दर काही सेकंदांनी बदलते आणि तीही वायरीतूनच येते, मात्र स्वतः एका डबीत बंद होऊन. ती डबी उघडायचे गुपित खोक्याच्या चिपमध्ये कारखान्यातच भरलेले असते. शिवाय कंपनीच्या मुख्य केंद्रातल्या संगणकात तुमच्या खोक्याचा क्रमांक नोंदलेला लागतो. महिन्याचे पैसे आले की त्या क्रमांकाच्या नावाने परवानगी निघते, नाही आले की बंद. माझ्या खोक्याच्या चिपमध्ये गुपित होते, पण दुसऱ्या कंपनीचे. “मामा, याला सगळं दिसतं,” तो म्हणाला, “उघडता येत नाही.”

माय आतून ऐकत होती. ती अहिराणीशिवाय दुसरे बोलत नसे. टीव्हीवरच्या मराठीला ती ‘पुस्तकनी भाषा’ म्हणायची, आणि तरीही तिला तीच ऐकायची असे. (घरात मुले हिंदी बोलत, गल्लीत गुजराती. नातीची शाळा इंग्रजी. आक्काची स्वतःची मुले महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली, पण त्याला आता पंचवीस वर्षे झाली. मुख्याध्यापक म्हणून यावर मला पुष्कळ बोलता येईल, पण ते दुसऱ्या लेखात.) २०१३च्या जुन्या खोक्यात एक कार्ड होते. चित्र अडकले की भाऊजी ते काढून धोतराला पुसत आणि परत घालत, हे तिने अनेकदा पाहिले होते. ती दारात येऊन म्हणाली, “मोबाईलमा कारड बदलतस ना, भाऊ? मंग यामा काबर नई बदलतस?”

मुलगा हसला. मग हसू आवरून म्हणाला, “माय, तुमचं बरोबर आहे. पण हे नवं बिनकार्डाचं येतं. जुन्यात कार्ड होतं, तर तेही त्याच खोक्याशी लग्न लावून दिलेलं. दुसऱ्यात घातलं तर नांदत नाही.”

आक्काने बाराशे रुपये मोजले. जुने खोके परत घेऊन काही वळते करा म्हटले तर त्याने २०१३ची पावती मागितली. आक्काकडे पावती होती. ती कागद टाकत नाही. पावतीवर ‘खोके’ हा शब्दच नव्हता. ‘अ‍ॅक्टिव्हेशन चार्ज’ असे लिहिले होते. म्हणजे पाच वर्षांपूर्वी हजार रुपये दिले ते वस्तूचे की वस्तू जागी करण्याचे, हे पावतीवरून ठरत नव्हते. त्या मुलाचा यात काही दोष नव्हता. तो पगारी माणूस. त्याने आक्काच्या हातचा एक अनारसा खाल्ला, मायसाठी मराठी चॅनेलांचा महागाचा गठ्ठा पहिला महिना स्वतःच्या जोरावर लावून दिला, आणि पुढच्या घरी गेला. साडेसहाला पैठणी लागली. माझे खोके पुन्हा पिशवीत गेले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर नवापूरला परत आले.

परतीच्या गाडीत मला राग आला होता, आणि राग नेमका कशाचा हे ठरवण्यासाठी पुढे मी बरेच वाचले. कुलूप लावण्याचा राग मला नाही. १९९० नंतरची ती मोकळी केबल आठवली की हेही आठवते, की एका वायरीला चाकूने सोलून तीन घरे टीव्ही पाहायची आणि केबलवाला हजार घरांची वसुली करून वरच्यांना दोनशेच सांगायचा. चॅनेलवाल्यांना हिशेब लागेना, सरकारला कर कळेना. म्हणून २००२ साली केबलच्या कायद्यात दुरुस्ती झाली, २००३मध्ये चेन्नईत खोकी आली, पुढे २०११च्या दुरुस्तीने ती देशभर सक्तीची झाली. चार महानगरांत ऑक्टोबर २०१२ची मुदत, मग अडतीस शहरांत ३१ मार्च २०१३ची. त्या अडतिसांत सुरत होती. आम्ही नवापूरवाले त्यानंतरच्या टप्प्यात. ज्याने पैसे दिले त्याला चित्र, यात गैर काही नाही. दाराला कुलूप हवेच. पण बाजारात कोणी कुलूप घ्यायला गेला तर दुकानदार त्याला ‘दारही आमचेच घ्या, आणि कुलूप बदलायचे झाले तर दार मोडा’ असे सांगत नाही. मायचे म्हणणे एवढेच होते. दार माझे असू द्या, कुलूप तुमचे लावा.

हे सुचायला फार बुद्धी लागते असे नाही, कारण ते सरकारला आधीच सुचले होते. घरोघरच्या डिशला परवानगी देताना २००१च्या नियमांतच अट आहे, की खोके खुल्या रचनेचे असावे आणि एका कंपनीचे दुसरीकडे चालावे. कंपन्यांनी अट कशी पाळली, तर खोक्याला एक खाच ठेवून. त्या खाचेत दुसऱ्या कंपनीचे कार्डयंत्र घातले की झाले. पण ते कार्डयंत्र दुकानात मिळत नसे, आणि मिळालेच तर नव्या खोक्यापेक्षा स्वस्त नसे. त्यात आधीच्या कंपनीने चित्र दाबून बसवण्याची एक पद्धत वापरली, नंतरच्यांनी तिच्या पुढची. जुन्या खोक्याला नवी पद्धत उलगडेना. खाच राहिली. धूळ साठायला तिचा उपयोग होतो.

माझा एक विद्यार्थी न्यू जर्सीत आहे. त्याला फोनवर हे सांगितले तर तो म्हणाला, “सर, इथेही हेच.” अमेरिकेने १९९६ सालीच कायदा केला, की ग्राहकाला खोके कोणत्याही दुकानातून घेता आले पाहिजे. २००४पासून केबल कंपन्यांना वेगळे कार्ड देणे भाग पडले. ते कार्ड आपल्या पसंतीच्या यंत्रात घालायचे. म्हणजे अक्षरशः मायची सूचना. काही थोड्या हौशी लोकांनी ते केले. बाकीच्यांनी कंपनीचे खोके महिन्याच्या भाड्याने घेणे पत्करले, कारण कार्ड मागितले की कंपनीचा माणूस चार चकरा मारी. २०२०च्या सप्टेंबरात तिकडच्या आयोगाने कार्ड देण्याचे बंधनही काढून टाकले. “माझ्याकडेही माळ्यावर एक पडलंय, सर,” तो म्हणाला. एवढ्या लांब जाऊनही माळा सुटलेला नाही!

मोबाईलचे मात्र झाले. जानेवारी २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. आक्काने तेव्हापासून तीन कंपन्या केल्या. नंबर तोच, हँडसेट तोच. तिला एकाही वेळी नवा फोन घ्यावा लागला नाही. मग केबलचेच का अडते, हा तिचा प्रश्न. त्याला मी जे उत्तर देतो ते तिला पटत नाही आणि मलाही पुरते पटत नाही. फोन कंपन्या पहिल्यापासून कार्ड वेगळे आणि यंत्र वेगळे अशा जगात आल्या. केबलवाल्यांच्या हातात यंत्रच पहिले आले, आणि हातातले कोण सोडतो?

२०१९च्या फेब्रुवारीपासून नवे दरपत्रक आले आणि हवे ते चॅनेल नाव घेऊन मागता येऊ लागले. मायची मराठी गठ्ठ्यातून सुटी झाली. वर्षभर बरे चालले.

मग मार्च २०२० आला. गाड्या बंद, सरहद्द बंद. ज्या बाकावर आम्ही सावली पाहून बसायचो त्याच्या दोन्ही टोकांना जाणे बंद. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात लिंबायतला रात्री विजेचा दाब चढला आणि आक्काचे खोके गेले. केबलचे दुकान बंद. तो मुलगा दोंडाईच्याला अडकलेला. समोरच्या घरातले कुटुंब टाळेबंदीच्या आधीच गावी गेले होते, किल्ली आक्काकडे ठेवून. त्यांच्या टीव्हीखाली खोके होते, चालू स्थितीतले. पण ती रांग दुसऱ्या केबलवाल्याची, म्हणजे दुसऱ्या कंपनीची. आक्का ते आणून जोडायला निघाली होती. “आणू नकोस,” मी फोनवर सांगितले, “नावं दिसतील, चित्र दिसणार नाही.” एवढे ज्ञान मला आता झाले होते.

मुले आपापल्या मोबाईलमध्ये. भाऊजी ओट्यावर. मायला लहान पडद्यावरचे दिसत नसे. दोन दिवसांनी आक्का म्हणाली, “नाना, ती दिवसभर बोलतच नाही रे.” त्या दिवसापासून साडेसहाला मी फोन लावू लागलो. वाचून दाखवायला वर्तमानपत्र नव्हते. आमच्याकडे ते येणे थांबले होते. मी कपाटातून जुने दिवाळी अंक काढले. १९९३पासूनचे आहेत माझ्याकडे. कथा वाचायचो. माय मध्येच थांबवायची, “ती बाई आता कोठे शे?” कधी कधी ती झोपली आहे की ऐकते आहे हे कळायचे नाही, म्हणून मी मध्येच एखादी जाहिरात वाचायचो, सुपारीची, सोन्याच्या पेढीची. जागी असली तर म्हणायची, “हाई नको.” एकदा अख्खे वार्षिक राशिभविष्य वाचून घेतले, १९९७चे. तिची रास त्या वर्षी चांगली होती.

एप्रिलच्या मध्यावर मोबाईलवर एक बातमी वाचली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १० एप्रिलला सरकारला शिफारस केली होती, की केबलची काय आणि डिशची काय, सगळी खोकी एकमेकांकडे चालतील अशीच असावीत. खोक्याला यूएसबीची खाच असावी, कुलपाचा भाग त्या खाचेत बसणाऱ्या वेगळ्या यंत्रात असावा, आणि ग्राहकाने कंपनी बदलली की तेवढेच बदलावे. परवान्यात अट असूनही खोकी प्रत्यक्षात परस्परांकडे चालत नाहीत, हेही प्राधिकरणाने मान्य केले होते. त्या संध्याकाळी कथा बाजूला ठेवून मी मायला हे वाचून दाखवले. अहिराणीत सांगितले. म्हटले, “माय, तू म्हणत होतीस तेच दिल्लीच्या लोकांनी सांगितलं आहे. कार्ड बदलायचं, खोकं नाही.”

थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “मंग दे ना बदली.”

शिफारस आणि हुकूम यांतला फरक मी आयुष्यभर शिक्षणखात्याच्या परिपत्रकांतून शिकलो आहे. मायला तो कसा सांगायचा? मी पुढची कथा सुरू केली.

जूनमध्ये तो मुलगा परत आला. केबलच्या नव्या खोक्याला अजून आठवडा लागेल म्हणाला. पण येताना त्याने एक छोटी डिश आणि बाजारातले एक खोके आणले होते. प्रसार भारतीची जी फुकटची सेवा आहे, २००४पासूनची, तिची. आता तिला डीडी फ्री डिश म्हणतात. तिच्या चॅनेलांना कुलूप नव्हते, म्हणून खोके कोणाचेही चालत होते. त्याने ते भागळच्या एका दुकानातून घेतले होते, आणि दुकानदाराने, मी मुद्दाम विचारले, ‘कोणत्या कंपनीचे’ असे विचारले नव्हते. अगाशीवर डिश बसली. सह्याद्री लागले. आक्काने फोन टीव्हीपुढे धरला आणि मी इकडे नवापुरात मराठी बातम्यांची सुरुवात ऐकली.

पैठणीचा कार्यक्रम त्यावर नव्हता. मायने दोन दिवस वाट पाहिली आणि मग बातम्यांवर समाधान मानले. मात्र साडेसहाचा फोन तिने बंद करू दिला नाही. “तू वाच,” म्हणाली, “ते बातम्या लवकर सरतस.” २००१च्या दिवाळी अंकांपर्यंत आम्ही आलो होतो. जानेवारी २०२१मध्ये माय गेली.

आक्काकडे आता दोन खोकी आहेत, केबलचे आणि फ्री डिशचे, आणि माळ्यावर मेलेली दोन. भंगारवाला एका खोक्याचे वीस रुपये म्हणतो. आक्का पंधराशेवर अडून आहे. तो हसतो. नात कॉलेजात गेली. ती टीव्हीच पाहत नाही. ट्रायची ती शिफारस होऊन वर्षे लोटली. लिंबायतच्या गल्लीत केबलवाला बदलला की खोके बदलते, हे तसेच आहे.

परवा आक्काचा फोन आला. केबलच्या खोक्याचा रिमोट पाण्यात पडला. नवा मागितला तर कंपनीचा माणूस तीनशे सांगतो. “तुझ्या त्या खोक्याचा आहे ना अजून? तो चालत होता बघ माझ्या खोक्याला.”

चालत होता. मी कपाट उघडून पाहिले. पिशवीत खोक्याला रबराने बांधलेला आहे. सेल गळून आत पांढरे झाले आहे, पण ते पुसून निघते. येत्या भाऊबीजेला घेऊन जातो आहे. खोके इथेच ठेवीन.